मोजलेली माणसे

माणसांची शिरगणती करणे हे पुण्य की पाप? प्रश्न प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. शाळेच्या हजेरीपटापासून सरकारच्या अंदाजपत्रकापर्यंत आपला सारा व्यवहार गणतीवर चालतो. धर्मग्रामाच्या कचेरीतील कपाटातही स्नानसंस्काराची, विवाहाची आणि मृत्यूची नोंदवही असते, आणि वर्षअखेरीस त्यातील आकडे महागुरूंच्या कचेरीत रवाना होतात. मग मोजण्यात वावगे ते काय?

तरीही जुन्या करारात या प्रश्नाला एकच एक उत्तर सापडत नाही. 'गणना' या ग्रंथाचा आरंभच परमेश्वराच्या आज्ञेने झालेल्या शिरगणतीने होतो. याउलट दावीद राजाने आपल्या राज्यातील लढवय्यांची मोजदाद करविली, तेव्हा त्याच्या सेनापतीने, यवाबानेही त्याला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. गणती पुरी होताच राजाचे मन त्याला खाऊ लागले आणि पाठोपाठ राज्यावर मरी आली. 'निर्गम' ग्रंथात आणखी एक विचार आढळतो. ज्याची गणती होईल त्या प्रत्येकाने आपल्या जिवाबद्दल देवाला अर्धा शेकेल द्यावा. श्रीमंताने अधिक देऊ नये, गरिबाने कमी देऊ नये. मोजला गेलेला मनुष्य मोजणाऱ्याच्या मालकीचा होत नाही, तो देवाचाच राहतो, हे त्या लहानशा नाण्यातून सांगितले आहे. तेव्हा प्रश्न मोजण्याचा नसून, कोण कोणाला कशासाठी मोजतो आणि मोजून झाल्यावर काय करतो, याचा आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही वाचकांना पृथ्वीच्या उत्तर टोकाकडील एका प्रदेशात नेऊ इच्छितो. इतक्या दूर जाण्याचे कारण असे की, सरकार, वैद्यक आणि मिशन या तिन्ही हातांनी गेल्या शंभर वर्षांत तेथील लोकांना जितके मोजले, तितके क्वचितच दुसऱ्या कोणाला मोजले असेल. त्या मोजणीची बरीवाईट फळे आज आपल्याला उघड दिसतात.

कॅनडाच्या उत्तरेस नुनावुत नावाचा प्रदेश आहे. इनुइत लोकांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ 'आपली भूमी' असा होतो. १ एप्रिल १९९९ रोजी तो स्वतंत्र प्रशासकीय प्रदेश म्हणून अस्तित्वात आला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे वीस लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या सहापटींहून अधिक आहे. २०२१ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या भरली ३६,८५८. आपल्याकडील एखाद्या मध्यम शहराच्या दोनचार प्रभागांत मावतील इतकी ही माणसे पंचवीस वस्त्यांमध्ये विखुरलेली आहेत. एका वस्तीतून दुसरीकडे जाणारा रस्ता नाही. विमानाने जावे, नाहीतर उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर बोटीने. लोकसंख्येत दर शंभरांमागे चौऱ्याऐंशीच्या आसपास इनुइत आहेत. उर्वरित कॅनडा म्हातारा होत चालला असताना हा प्रदेश मात्र तरुण आहे. २०२१ साली कॅनडातील लोकांचे मध्यक वय एकेचाळीसच्या पुढे होते. नुनावुतमध्ये ते पंचविशीच्या आसपास होते, आणि दर तीन माणसांमागे सुमारे एक जण पंधरा वर्षांखालील बालक होता. जन्मप्रमाण देशात सर्वाधिक, आणि सरासरी आयुर्मान मात्र देशाच्या मानाने दहा वर्षांच्या आसपास कमी. पाळणे भरलेले आहेत आणि माणसे लवकर जात आहेत, असे या आकड्यांचे थोडक्यात सांगणे आहे.

परंतु आकडे येण्यापूर्वी तेथे नावे होती. इनुइत परंपरेत नावाला 'अतिक' म्हणतात. घरातील किंवा गोतातील एखादी व्यक्ती निवर्तली की पुढे जन्मणाऱ्या बाळाला तिचे नाव देतात. ते नाव मुलाचे की मुलीचे, असा भेद नसतो. नावाबरोबर नातेही येते. आजोबांचे नाव मिळालेल्या तान्ह्या बाळाला त्याची आई कौतुकाने 'बाबा' म्हणून हाक मारू शकते. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल आपल्याकडेही होती, त्यामुळे यातील माया आपल्याला कळू शकेल. मृत्यू म्हणजे समाजातून एक वजा, अशी गणिती कल्पना त्या लोकांनी केलीच नव्हती. गेलेल्याची जागा नावाने भरून निघत असे. आडनाव नावाची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती, आणि तिची गरजही पडली नव्हती.

ही पद्धत सरकारी वहीत बसणारी नव्हती. आडनाव नाही, स्पेलिंग निश्चित नाही, बाप एका नावाचा आणि लेक दुसऱ्याच नावाचा. यावर १९४१ साली तोडगा काढण्यात आला. प्रत्येक इनुइताला नाण्याएवढी एक गोल चकती देण्यात आली. तिच्या एका बाजूला राजमुकुट आणि दुसऱ्या बाजूला क्रमांक होता. पूर्वेकडच्यांसाठी 'ई' आणि पश्चिमेकडच्यांसाठी 'डब्ल्यू' हे अक्षर. ती दोऱ्यात ओवून गळ्यात घालावी, अशी अपेक्षा होती. जन्माची नोंद, शिधा, भत्ता, औषधोपचार सारे त्या क्रमांकावर. 'एस्किमो' हा शब्दही त्या चकतीवर कोरलेला होता. तो शब्द आज ते लोक स्वतःसाठी स्वीकारत नाहीत. तीन दशके माणसे अशा क्रमांकांनी ओळखली गेली. अखेर १९६८ ते १९७१ या काळात एब ओकपिक या इनुइत गृहस्थांनी वस्तीवस्तीत फिरून प्रत्येक कुटुंबाला आडनाव निवडण्यास साहाय्य केले, तेव्हा चकत्यांची गरज संपली. त्यांच्यामुळे निदान निवड ज्याची त्याने केली, हे येथे महत्त्वाचे.

चकती देणाऱ्या अधिकाऱ्यांना दुष्ट ठरविण्याचा आमचा हेतू नाही. शिधा योग्य माणसाला मिळावा, ही त्यांची इच्छा रास्तच होती. परंतु सद्हेतू असूनही मनुष्य किती दूर भरकटू शकतो, हे पुढच्या प्रकरणात अधिक स्पष्ट दिसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर उत्तरेत क्षयरोगाने थैमान घातले. १९५० पासून 'सी. डी. हाऊ' नावाचे जहाज दर उन्हाळ्यात वस्त्यांना भेट देऊ लागले. जहाजावर डॉक्टर होते, क्ष-किरण यंत्र होते. माणसे जहाजावर चढत, छातीचे छायाचित्र काढले जाई, आणि ज्यांच्या फुप्फुसात डाग आढळे त्यांना बहुधा पुन्हा किनाऱ्यावर उतरू दिले जात नसे. सामान घेण्यास नाही, मुलांचा निरोप घेण्यासही नाही. जहाज त्यांना घेऊन दक्षिणेच्या आरोग्यधामांकडे निघे. १९५६ साली अशी वेळ होती की दर सात इनुइतांमागे एक जण दक्षिणेतील रुग्णालयात होता. हॅमिल्टन शहरातील एकाच आरोग्यधामात बाराशेहून अधिक इनुइतांवर उपचार झाले. अनेकांचा मुक्काम दोन-दोन वर्षांहून लांबला. लहानपणी गेलेली मुले परतली तेव्हा आपल्या आईची भाषा विसरली होती. जे दगावले त्यांना तेथेच पुरण्यात आले; कित्येकांच्या थडग्यावर नाव नव्हते, आणि कित्येकांच्या घरी ते गेल्याचे कोणी कळविले नाही. आई केव्हा परत येईल, याची वाट पाहत मुले म्हातारी झाली.

येथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. औषधोपचाराने असंख्य जीव वाचले. पुढील दोन दशकांत क्षयाने होणारे मृत्यू खूपच खाली आले. निव्वळ आकड्यांच्या तराजूत तोलले तर ती मोहीम यशस्वी म्हणावी लागेल. क्षयाचे दुखणे आपल्याही घराघरांत होते, आणि जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आजही भारतात आहे. तेव्हा औषधाचे मोल आपल्याला कोणी सांगायला नको. मग त्या माणसांना एवढी खोल जखम कशाची झाली?

फ्रेंच कॅथोलिक तत्त्वचिंतक झाक मारितँ यांनी केलेला एक भेद येथे उपयोगी पडेल. संत थॉमस अक्वायनस यांच्या विचाराच्या आधारे ते म्हणत की, प्रत्येक माणूस एका अर्थाने 'घटक' आहे आणि दुसऱ्या अर्थाने 'व्यक्ती' आहे. घटक म्हणून तो समाजाचा एक अंश असतो; अंश मोजता येतो, हलविता येतो, त्याची बेरीज-वजाबाकी करता येते. व्यक्ती म्हणून मात्र तो स्वतःच एक संपूर्ण जग असतो, कारण तो जाणतो, प्रेम करतो, आणि त्याची हाक थेट परमेश्वरापर्यंत पोहोचते. समाजाला दोन्हींची गरज आहे. साथ आली असता घटकांची गणती केल्यावाचून डॉक्टरचे पाऊल पुढे पडणार नाही. परंतु घटक वाचविताना व्यक्तीला विचारलेच नाही, तर शरीर वाचते आणि माणूस हरवतो. जहाजावरच्या त्या बाईला एका तासासाठी किनाऱ्यावर जाऊ दिले असते, तर क्षयाचे आकडे फारसे बिघडले नसते. पण तिला मुलांचा निरोप घ्यायचा आहे, ही गोष्ट कोणत्याच रकान्यात बसत नव्हती.

आता आणखी पुढची पायरी पाहू. नुनावुतच्या पूर्वेला, समुद्रापलीकडे ग्रीनलंड आहे. तेथील बहुसंख्य लोकही इनुइतच. १९५३ साली वसाहतीचा दर्जा संपवून ग्रीनलंड डेन्मार्कचा भाग करण्यात आला. रोग हटू लागले, बालके जगू लागली, लोकसंख्या वाढली. ही वाढ म्हणजे आरोग्यसेवेचे यशच होते. परंतु प्रशासनाला ती खर्चाची बाब वाटू लागली. १९६६ पासून ग्रीनलंडच्या स्त्रियांच्या गर्भाशयात गर्भनिरोधक तांबी बसविण्याची मोहीम सुरू झाली. १९७० पर्यंत सुमारे साडेचार हजार स्त्रिया आणि मुलींना ती बसविली गेली. मूल होण्याच्या वयातील साधारण निम्म्या स्त्रिया त्यात आल्या. अनेकींना विचारलेही नव्हते. त्यांतल्या काही जणी बारा-तेरा वर्षांच्या शाळकरी मुली होत्या. थोड्याच वर्षांत जन्मप्रमाण जवळपास निम्म्यावर आले. कागदावर ही मोहीम फत्ते झाली. ज्या स्त्रियांच्या शरीरावर ती राबविली गेली, त्या मात्र अर्धशतक गप्प राहिल्या. २०१७ मध्ये एकीने तोंड उघडले, २०२२ मध्ये डेन्मार्कच्या आकाशवाणीने प्रकरण उजेडात आणले, आणि २०२५ मध्ये पंतप्रधान मेट्टे फ्रेडरिक्सन यांनी ग्रीनलंडच्या नूक या राजधानीत जाऊन क्षमा मागितली.

ही मोहीम ऐन भरात असताना, १९६८ च्या जुलै महिन्यात पोप सहावे पॉल यांचे 'ह्युमाने विते' हे विश्वपत्र प्रसिद्ध झाले. त्या पत्राची चर्चा बहुतेक वेळा पतिपत्नीच्या खासगी निर्णयापुरतीच होते. परंतु त्यात पोप महोदयांनी दिलेला आणखी एक इशारा आपण विसरतो. संततिनियमनाची कृत्रिम साधने राज्यसत्तेच्या हाती पडली, तर ती सत्ता कुटुंबाच्या सर्वांत आतल्या खोलीत शिरेल आणि सर्वांना सरसकट तीच साधने वापरण्यास भाग पाडील, असा तो इशारा होता. ग्रीनलंडमध्ये नेमके तेच चालले होते. आपल्या देशालाही हा अनुभव आहे. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एकाच वर्षी, भारतात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. उद्दिष्टाचा आकडा वरून ठरे आणि माणसे खालून गोळा केली जात. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले होते. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्याने ते अमलात आले नाही, एवढेच. तेव्हा हे पाप केवळ थंड प्रदेशातले आहे, असे समजण्याचे कारण नाही.

या कथेत ख्रिस्तसभा कोठे होती, हा प्रश्न कॅथोलिक वाचकाच्या मनात येणारच, आणि तो टाळणे उचित होणार नाही. १९१२ साली ऑब्लेट संघाचे फादर आर्सेन तुर्केतील हडसन उपसागराच्या काठी चेस्टरफील्ड इनलेट येथे पोहोचले. कित्येक वर्षे त्यांच्या हाती काहीच लागले नाही. १९१७ मध्ये पहिले स्नानसंस्कार झाले. क्षयानेच चोविसाव्या वर्षी निवर्तलेल्या लिझ्यूच्या संत तेरेझा यांच्या मध्यस्थीचे ते फळ, अशी त्यांची श्रद्धा होती. पुढे १९३१ मध्ये त्याच संत तेरेझांच्या नावाने तेथे लहानसे इस्पितळ उभे राहिले आणि धर्मभगिनी त्यात रुग्णसेवा करू लागल्या. मिशनऱ्यांनी लोकांची भाषा शिकली, शब्दकोश केले, नोंदवह्यांत नावे लिहून ठेवली. आरोग्यधामात गेलेल्या आपल्या माणसांचा शोध घेताना आज कित्येक कुटुंबांना अशा जुन्या नोंदींचाच आधार मिळतो.

त्याच चेस्टरफील्ड इनलेटमध्ये १९५० च्या दशकात शासनाची शाळा आणि मिशनचे वसतिगृह सुरू झाले. ते १९६९ मध्ये बंद झाले. दूरदूरच्या वस्त्यांतून लेकरांना आईबापांपासून उचलून तेथे आणले गेले. काही मुलांवर तेथे अत्याचार झाले, आणि ते करणाऱ्यांत धर्मसेवेचे व्रत घेतलेली माणसे होती. हे लपविण्याने ख्रिस्ताचा गौरव होत नाही. १९९६ मध्ये तेथील महागुरू रेनाल्ड रुलो यांनी पीडितांची क्षमा मागितली. २९ जुलै २०२२ रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस चाकांच्या खुर्चीतून नुनावुतच्या राजधानीत, इकालुइत येथे गेले. निवासी शाळांतून गेलेल्या वृद्धांना ते प्रथम बंद दाराआड भेटले, त्यांचे ऐकून घेतले आणि मगच बाहेर येऊन सर्वांसमक्ष क्षमा मागितली. हा क्रम आम्हांला बोधप्रद वाटतो. क्षमेचा उच्चार करण्याआधी त्यांनी एकेकाचे म्हणणे ऐकले.

मग या साऱ्यावरून कोणी म्हणेल की, मोजणेच बंद करावे; माणसांना आपापल्या वाटेने जाऊ द्यावे. हा निष्कर्ष सोपा आहे, पण तो खरा नाही. कारण आज उत्तरेतील दुःख जगासमोर आले आहे ते आकड्यांमुळेच. २०१६ च्या आकड्यांनुसार कॅनडातील इनुइतांमध्ये क्षयरोगाचे प्रमाण, त्याच देशात जन्मलेल्या बिगर-मूळनिवासी लोकांच्या जवळपास तीनशे पट होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये पँगनिर्तुंग या दीड हजार वस्तीच्या गावी क्षयाची साथ जाहीर करावी लागली. औषध उपलब्ध असताना असे का होते? उत्तर पुन्हा गणतीच देते. इनुइत प्रदेशांत निम्म्याहून अधिक इनुइत गर्दीने भरलेल्या घरांत राहतात. एका खोलीत खोकणाऱ्या आजोबांशेजारी नातवंडे निजतात. २००७-०८ च्या आरोग्य पाहणीत नुनावुतमधील दहापैकी सुमारे सात इनुइत घरांत पुरेशा अन्नाची शाश्वती नव्हती. हे आकडे त्या लोकांवरचा ठपका नव्हेत. संपन्न राष्ट्राच्या सदसद्विवेकबुद्धीसमोर ठेवलेला तो जमाखर्च आहे. जो मोजला जात नाही, त्याचे दुःख नसल्यासारखेच धरले जाते.

सर्वांत जड आकडा आत्महत्यांचा आहे. शिकारीच्या छावण्यांतून कायमच्या वस्त्यांत आणलेल्या पिढीची मुले मोठी होऊ लागली, त्या १९७० च्या दशकानंतर नुनावुतमध्ये तरुण मुलगे आपले आयुष्य स्वतः संपवू लागले. पुढे हे प्रमाण देशाच्या सरासरीच्या अनेक पटींनी वाढले. ऑक्टोबर २०१५ मध्ये तेथील शासनाने हे संकट असल्याचे जाहीर केले. त्याआधी, २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्याची पद्धत आम्हांला विशेष वाटते. २००३ ते २००६ या काळात गेलेल्या १२० जणांच्या घरी जाऊन संशोधक बसले, आईवडिलांशी, मित्रांशी बोलले, आणि त्यांच्या आयुष्याची तुलना त्याच वयाच्या, त्याच प्रदेशातील दुसऱ्या १२० जणांच्या आयुष्याशी केली. बालपणी झालेला छळ आणि उपचाराविना राहिलेले नैराश्य ही कारणे त्यातून ठळकपणे पुढे आली. येथेही गणतीच झाली. पण प्रत्येक आकड्यामागे एक दार ठोठावले गेले, आणि त्या दाराआडच्या माणसांनी आपण होऊन बोलायचे ठरविले. आत्महत्या केलेल्यांविषयी ख्रिस्तसभेची शिकवण या ठिकाणी स्मरावी. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथानुसार तीव्र मानसिक यातना माणसाची जबाबदारी कमी करतात. अशा जिवांच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये, ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. मृताच्या आईला आकडेवारी कळली नाही तरी चालेल. हे मात्र कळलेच पाहिजे.

जन्माच्या बाबतीतही उत्तरेने एक धडा दिला आहे. छोट्या वस्त्यांत शस्त्रक्रियेची सोय नाही, म्हणून गर्भवतींना प्रसूतीच्या काही आठवडे आधी विमानाने दूरच्या शहरी पाठविण्याची प्रथा पडली. धोका कमी झाला, हे खरे. पण स्त्री परक्या गावी, परक्या भाषेत, एकटी बाळंत होऊ लागली. घरी मागे राहिलेली मुले आईवाचून राहिली, आणि गावात जन्म हा सोहळाच उरला नाही, केवळ मृत्यू तेवढे होत राहिले. १९८६ मध्ये क्वेबेकच्या उत्तरेस, हडसन उपसागराच्या काठावरील पुविर्नितुक गावी स्त्रियांनी हे नाकारले. तेथे इनुइत सुइणींना रीतसर शिक्षण देऊन गावातच प्रसूतिकेंद्र चालू झाले. कोणाला गावात ठेवायचे आणि कोणाला धोका ओळखून पाठवायचे, हे सुइणी, परिचारिका आणि डॉक्टर मिळून ठरवू लागले. केंद्राचे निष्कर्ष चांगले आले, आणि १९९३ मध्ये नुनावुतमधील रँकिन इनलेट येथेही असे केंद्र निघाले. अकरावे पोप पायस यांनी १९३१ च्या विश्वपत्रात मांडलेले तत्त्व येथे जणू आपोआप अमलात आले. जे लहान समूहाला स्वतः करता येते, ते मोठ्या सत्तेने त्याच्या हातून काढून घेऊ नये. त्याला साहाय्य करावे. आकड्यांची भाषा सुइणींनीही शिकली, पण ती आपल्या लेकीबाळींसाठी वापरली.

८ मार्च २०१९ रोजी कॅनडाचे तत्कालीन पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी इकालुइतला जाऊन क्षयरुग्णांच्या बाबतीत झालेल्या वागणुकीबद्दल क्षमा मागितली. त्याच वेळी 'ननिलावुत' हा उपक्रम जाहीर झाला. त्या शब्दाचा अर्थ 'चला, त्यांना शोधू या'. आरोग्यधामांची जुनी रजिस्टरे, जहाजांच्या याद्या, दफनभूमीच्या नोंदी एकत्र करून, कोणाचा माणूस कोठे पुरला आहे, हे त्यातून शोधले जाते. साठ-सत्तर वर्षांनी वृद्ध लेकी आईच्या थडग्यापाशी उभ्या राहतात. ज्या वह्यांनी माणसाला क्रमांक केले, त्याच वह्या उलट्या वाचून आता क्रमांकातून माणूस शोधला जात आहे.

प्रभू येशूच्या दृष्टांतातील मेंढपाळाचा विचार येथे मनात येतो. त्याच्यापाशी शंभर मेंढरे होती. एक हरवले, हे त्याला कळले कसे? तो मोजत होता म्हणूनच कळले. गणतीवाचून त्याचे प्रेम आंधळे राहिले असते. पण मोजून नव्व्याण्णव भरल्यावर 'शेकडा नव्व्याण्णव म्हणजे उत्तमच' असे म्हणून तो झोपी गेला नाही. एकाच्या उणेपणाने त्याची झोप उडाली. दावीदाने मोजले ते आपले बळ किती, हे पाहण्यासाठी. मेंढपाळाने मोजले ते कोण नाही, हे पाहण्यासाठी. योहानाच्या शुभवर्तमानातील मेंढपाळ तर प्रत्येकाला नावाने हाक मारतो.

हा विवेक आपल्यालाही हवा आहे. आपल्या समाजाच्या बैठकांत हल्ली लोकसंख्येचा विषय निघतो. घरटी मुले कमी झाली, तरुण परदेशी गेले, आपली संख्या घटते आहे, म्हणून जोडप्यांनी अधिक मुलांना जन्म द्यावा, असा आग्रह धरला जातो. मूल हे देवाचे दान आहे, आणि कुटुंबाने उदार मनाने ते स्वीकारावे, ही ख्रिस्तसभेची शिकवण आम्हांला प्रिय आहे. पण समाजाचा आकडा भरून काढण्यासाठी मूल हवे, असे आपण म्हणू लागलो, तर ग्रीनलंडच्या त्या अधिकाऱ्यांहून आपण कितीसे वेगळे? त्यांना आकडा खाली आणायचा होता, आपल्याला वर न्यायचा आहे. स्त्री दोन्हीकडे साधनच ठरते. ज्या सुनेला बाळ होत नाही, जी एका बाळंतपणातच मरणाच्या दारातून परतली, जिचा नवरा जहाजावर आहे आणि जी एकटीच म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांना सांभाळते आहे, तिच्या कानी असली भाषणे कशी पडत असतील? बोलण्यापूर्वी तिला कोणी काही विचारले आहे काय?

वर्ष सरत आले की धर्मग्रामाच्या नोंदवह्या पुन्हा उघडल्या जातील. स्नानसंस्कार इतके, विवाह इतके, मृत्यू इतके. आकडे लिहावेत; ते खरे लिहावेत. मात्र लिहून झाल्यावर वही मिटण्यापूर्वी त्यांतील नावे एकदा सावकाश वाचावीत, आणि त्या वर्षी ज्यांचे नाव कोणत्याच रकान्यात आले नाही, जे मिस्सेला दिसेनासे झाले, ज्यांच्या दारी आजारपण आले आणि कोणी गेले नाही, त्यांची आठवण करावी. त्यांच्या घरचा रस्ता धर्मगुरूला ठाऊक असतो. शेजाऱ्यांना तर त्याहून अधिक ठाऊक असतो.